अकरा वर्षांनी फिलिपिन्सच्या सासुरवाडीला जाताना काय न्यावे आणि किती सांगावे?

प्रतापनगरकर

नमस्कार. येत्या डिसेंबरात मी, पत्नी आणि आमची नऊ वर्षांची मुलगी असे तिघे तीन आठवड्यांसाठी फिलिपिन्सला जात आहोत. पत्नी बातांगास प्रांतातल्या लिपा या शहराची. मनिलाच्या दक्षिणेला साधारण ८० किलोमीटरवर ते आहे. मस्कतमधील एका रुग्णालयात ती परिचारिका होती आणि मी तिथल्याच प्रयोगशाळेत काम करीत होतो. २०१३ साली नागपुरात आमचे लग्न झाले, २०१४ च्या मे महिन्यात आम्ही दोघे तिच्या घरी पंधरा दिवस राहून आलो, आणि २०१६ साली आईच्या आजारपणामुळे मस्कत सोडून नागपूरला परतलो ते कायमचेच. मध्यंतरी २०२० च्या एप्रिलची तिकिटे काढून झाली होती. त्या वर्षी १२ जानेवारीला ताल ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि मनिलाचा विमानतळ बंद पडला, तेव्हा जावे की पुढे ढकलावे यावर आमच्या घरी बराच खल झाला. मार्चअखेर खल करण्यासारखे काही उरलेच नाही.

२०२१ साली सासरे गेले. त्यांच्याकडे अंत्यसंस्कारापूर्वी काही दिवस पार्थिव ठेवून रात्री जागवतात, त्याला लामाय म्हणतात, आणि पुढे नऊ दिवस रोज प्रार्थना असते, ती पासियाम. हे सगळे पत्नीने आमच्या ओट्यावर पोह्यांच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर पाहिले. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्याने इकडे कुकरच्या शिट्ट्या होत असताना तिकडे प्रार्थना संपून कॉफीचे पेले फिरत असत, आणि कोणीतरी सवयीने तिलाही ‘कुमाइन का ना बा’, म्हणजे ‘जेवलीस का’, असे विचारी. वडिलांच्या थडग्यापाशी ती अजून उभी राहिलेली नाही.

आता मुख्य अडचण. परदेशातून घरी येणाऱ्याला तिकडे बालिकबायान म्हणतात. बालिक म्हणजे परतणे आणि बायान म्हणजे गाव किंवा देश. या शब्दाबरोबर एक खोके येते. मस्कतमध्ये आमच्या इमारतीतील प्रत्येक फिलिपिनो घराच्या कोपऱ्यात एक भलेमोठे पुठ्ठ्याचे खोके उघडे असे. त्यात महिनोन्महिने साबण, टूथपेस्ट, टॉवेल, चॉकलेटे आणि डबाबंद मांस पडत राही, आणि भरले की ते जहाजाने रवाना होई. पत्नीनेही अशी सात-आठ खोकी पाठवली. धाकट्या भावाचे शिक्षण आणि घराचे छप्पर तिच्याच पगारातून झाले. आज ती इथे घरी मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते, मी एका खासगी प्रयोगशाळेत आहे, आणि तिघांच्या तिकिटांसाठी आम्ही दोन वर्षे पैसे साठवले आहेत. हे तिकडे कोणाला ठाऊक नाही. नागपूर म्हणजे मस्कतसारखेच काहीतरी परदेशी शहर, अशी त्यांची समजूत आहे आणि आम्ही ती कधी दुरुस्त केलेली नाही. गेल्या रविवारी ती जुन्या डायरीच्या पानावर नावे लिहीत बसली, ती बेचाळीस भरली. चार नावांपुढे चांदण्या आहेत, कारण त्या चौघांची ती निनांग, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळची धर्ममाता आहे आणि नाताळात धर्ममातेकडे हक्काने काही मागायचे असते.

तेव्हा बेचाळीस जणांसाठी आमच्या ऐपतीत बसेल असे काय न्यावे, आणि ऐपत किती आहे हे आधीच सांगून टाकावे की न सांगता निभावून न्यावे, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे.

थोडे माझ्या बाजूनेही विचारतो. पहिल्या भेटीत मी आपल्या रिवाजाप्रमाणे सासऱ्यांच्या पाया पडायला वाकलो, तर ते गडबडून मागे सरकले आणि माझे काहीतरी खाली पडले असावे असे समजून स्वतःही खुर्चीखाली पाहू लागले. तिकडे वडीलधाऱ्यांच्या हाताची पाठ आपल्या कपाळाला लावायची असते, ‘मानो पो’ म्हणत, हे मला नंतर कळले. शेजारची मुले मला पाहून ‘बुंबाय’ असे कुजबुजत. भारतीय माणूस कुठलाही असो, तिकडे तो बुंबाय. मोटारसायकलवरून फिरून पाचाला सहा या दराने उधारी देणारे आणि वसूल करणारे पंजाबी व्यापारी लोकांच्या ओळखीचे असतात, त्यामुळे या शब्दाला सावकाराचाही वास आहे. मोठ्या कांद्यालासुद्धा ते सिबुयास बोंबाय म्हणतात. विदर्भातल्या माणसाने मुंबईकर म्हणवून घ्यायचे, आणि तेही सावकार किंवा कांदा म्हणून, हे मी तेव्हा हसून सोडून दिले. या वेळी मुलगी बरोबर आहे आणि ती प्रश्न विचारणारी आहे. जेवणाचेही एक आहे. आमच्या घरी सावजी चालते, पण गोमांस आणि डुकराचे मांस मी खात नाही, आणि बातांगासची ख्याती तर बुलालोची, म्हणजे गाईच्या नळीच्या रश्श्याची आहे. शेवटचा प्रश्न व्हिसाचा: भारतीयांना आता १४ दिवस व्हिसाविना प्रवेश मिळतो, आम्हाला २२ दिवस राहायचे आहे.

इलोइलोहून सदर

प्रतापनगरकर, नमस्कार. मी स्वतः इलोइलोची आहे आणि गेली बावीस वर्षे नागपुरात सदर भागात राहते. माझे मराठी बोलणे बरे आहे, लिहिलेले मुलगी तपासून देते. चूक राहिली असेल तर ती तिची समजावी.

तुम्ही खोक्याविषयी लिहिले, पण खोके आणि पासालुबोंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सालुबोंग म्हणजे भेटणे, सामोरे जाणे. भेटल्यावर हातावर ठेवायचे ते पासालुबोंग. माझ्या सासूबाई माहेराहून परतताना फडक्यात बांधून लाडू आणत आणि आल्या आल्या गल्लीतल्या पोरांना हाक मारून वाटत. मला तेव्हा ‘खाऊ’ हा शब्दही येत नव्हता, तरी काय चालले आहे ते लगेच कळले. खोके आले की लोक त्याचे वजन करतात, खाऊचे कोणी करीत नाही. त्याला एकच अट असते. ही वस्तू घेताना माझे नाव हिच्या डोक्यात होते, असे प्रत्येकाला वाटले पाहिजे. बेचाळीस जणांना एकाच जातीचा साबण दिलात तरी चालेल, मात्र प्रत्येक पुडीवर नाव हवे. एखादे नाव राहून गेले तर ताम्पो येतो. ताम्पो म्हणजे आपला रुसवाच. भांडण होत नाही, तक्रार होत नाही, फक्त ती व्यक्ती जेवायला येत नाही आणि विचारले तर पोट दुखते म्हणते. तिला समजावायला तुम्हीच जायचे असते, आणि एका फेरीत भागत नाही.

आता ऐपतीविषयी. मी २००९ साली पाच वर्षांनी पहिल्यांदा माहेरी गेले, तेव्हा दोन बांगड्या गहाण ठेवून गेले होते. दोन बॅगा भरून परफ्यूम, घड्याळे, बूट. मावशा माझ्या गालांना हात लावून ‘तुमाबा का’ म्हणाल्या. जाड झालीस, असे आमच्याकडे तोंडावर म्हणतात आणि त्यात खुशाली पाहिल्याचा आनंद असतो. मीही त्या आनंदात होते. नागपूरला परतून दोन महिने झाले नाहीत तोच चुलतभावाचा फोन आला. त्याला जीपनी, म्हणजे तिकडची प्रवासी गाडी, विकत घ्यायची होती आणि एक लाख पेसो हवे होते. त्याचे काय चुकले? घड्याळे वाटणारी बहीण त्याने डोळ्यांनी पाहिली होती. मला नाही म्हणावे लागले, आणि का नाही ते सांगता येईना, कारण ते सांगायचे तर बांगड्यांपासून सुरुवात करावी लागली असती. त्याचा ताम्पो चार वर्षे चालला. बांगड्या सुटायला त्याहून कमी वेळ लागला.

म्हणून माझा सल्ला असा की सांगावे, आणि बॅग उघडण्याच्या आधी सांगावे. सगळ्यांना सांगायची गरज नाही. तुमच्या पत्नीने तिच्या आईला किंवा सर्वांत थोरल्या बहिणीला फोनवर एकदाच, रडगाणे न गाता, सांगावे की मी आता पगारावर नाही, यांच्या एकट्याच्या कमाईवर घर चालते, आणि आम्ही साठवून येत आहोत. ही गोष्ट आठ दिवसांत बेचाळीस घरी पोहोचेल; आमच्याकडे बातमी पोहोचवायला कुरिअर लागत नाही. लोक समजून घेतात. घरटी कोणीतरी सौदीत, हाँगकाँगला नाहीतर जहाजावर असतो, पैसा तिकडे कसा मिळतो आणि कसा संपतो हे त्यांना आपल्याहून जास्त ठाऊक आहे.

चार धर्मबालकांचे मात्र चुकवू नका. नाताळात त्यांना आगिनाल्दो द्यायचा असतो. कोऱ्या करकरीत नोटा लहान पाकिटात घालून द्याव्यात. शंभर पेसो दिले तरी नोट चुरगळलेली नसावी. बाकी मोठ्यांसाठी चिठ्ठ्या टाकण्याची पद्धत आमच्या पुष्कळ घरांत आहे. नाताळाआधी प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची आणि जिचे नाव आले तिलाच भेट द्यायची. थोरल्या बहिणीनेच हे सुचवले तर तुमचे निम्मे ओझे उतरते आणि कोणाला काही वाटत नाही.

जेवणाचे सोपे आहे, फक्त शब्द नेमके वापरा. ‘मांस नको’ असे सांगितले तर लोक निष्ठेने तुम्हाला कोळंबी घातलेली भाजी वाढतील. ‘वालांग बाबोय, वालांग बाका’ असे म्हणा. बाबोय म्हणजे डुक्कर आणि बाका म्हणजे गाय. कोंबडीचा आदोबो आणि माशांचे सिनिगांग यांवर तुमचे तीन आठवडे सुखात जातील. शुक्रवारी मुंगो करतात, म्हणजे मुगाची पातळ उसळच. लाइंग नावाचा एक प्रकार असतो, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पाने. अळूचे फदफदे आवडणाऱ्याला तो परका वाटणार नाही. या दोन्हींत डुकराचे तुकडे किंवा सुकट घालण्याची रीत आहे, म्हणून आधी विचारावे. आणि रस्त्याने जाताना कोणी ताट पुढे घेऊन ‘काइन तायो’ म्हटले तर ते आपले ‘या जेवायला’ आहे. बसायचे नसते, हसून पुढे जायचे असते.

वडिलांचे शेवटी लिहिते, पण तुम्ही ते सर्वांत आधी करा. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणाच्याही घरी जेवायला जाण्यापूर्वी, दफनभूमीत जा. मेणबत्त्या आणि फुले तिथे मिळतात. वर्ष झाल्यावर शोक उतरवण्याचा जो विधी असतो, बाबांग लुक्सा, तो तुमच्या पत्नीला तेव्हा करता आला नाही. त्याऐवजी वडिलांच्या नावाने चर्चमध्ये एक मिसा, म्हणजे प्रार्थनाविधी, सांगावी आणि नंतर घरच्या मंडळींना साधे जेवण द्यावे. खर्च फार नाही. बॅगेतल्या कोणत्याही वस्तूपेक्षा लोक ते लक्षात ठेवतील.

मुलीविषयी राहिलेच. तिला सांगा की आजीच्या भाषेत चेहऱ्याला मुखा म्हणतात, शिक्षकाला गुरो आणि वनदेवतेला दिवाता. मोटारसायकलवाले सावकार यायच्या कित्येक शतके आधी हे शब्द तिकडे पोहोचले आहेत. बुंबाय म्हटल्यावर तिने एवढे तीन शब्द ऐकवले तरी मुले गोळा होतील. आणि एक सावधगिरी: आते म्हणजे तिकडे थोरली बहीण. माझी मुलगी पहिल्या भेटीत सगळ्या मामेबहिणींना आत्या समजून बसली होती.

धरमपेठेतला वाचक

माझी वहिनी फिलिपिनो असल्यामुळे कागदपत्रांची ही वाट आमच्या घराने चालून पाहिली आहे, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो.

१४ दिवसांची सवलत २०२५ च्या जूनपासून आहे. ती पर्यटनासाठी आहे, वाढवून मिळत नाही, आणि परतीचे तिकीट, राहण्याची सोय व खर्चापुरते पैसे दाखवावे लागतात. अमेरिका, जपान, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, शेंगेन, सिंगापूर किंवा ब्रिटन यांपैकी एखादा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर मुदत ३० दिवसांची होते. तुमच्याकडे तसा व्हिसा नसेल, तर २२ दिवसांसाठी दिल्लीच्या फिलिपिन्स दूतावासातून रीतसर पर्यटक व्हिसा काढणे हाच निर्धास्त मार्ग आहे.

बालिकबायानांसाठी वेगळा कायदाही आहे, १९८९ सालचा, २००२ साली सुधारलेला. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिलेली फिलिपिनो व्यक्ती परतत असेल तर तिच्याबरोबर प्रवास करणाऱ्या परदेशी जोडीदाराला आणि मुलांना वर्षभर व्हिसाविना राहू देण्याची तरतूद त्यात आहे, पण काही देशांचे नागरिक त्यातून वगळलेले आहेत. म्हणून केवळ तिच्या भरवशावर विमानात बसू नका. तुमच्या पासपोर्टबाबत दूतावासाला ईमेलने विचारून उत्तराची छापील प्रत जवळ ठेवा. मुळात ‘बरोबर’ या शब्दावर तिथे भर आहे. विवाहाचा आणि मुलीच्या जन्माचा दाखला हातातल्या पिशवीत ठेवा आणि मनिलाला तिघे एकाच खिडकीपुढे उभे राहा. आमच्या दादाने घाई करून परदेशी नागरिकांची रांग धरली आणि वहिनी मुलांना घेऊन दुसऱ्या रांगेत गेली. मग दोन्ही रांगांच्या मधोमध जो गोंधळ झाला, तो वहिनी अजून प्रत्येक दिवाळीत सांगते.

लग्न नागपुरात झाले आहे, तेव्हा त्याची नोंद दिल्लीच्या दूतावासात केली होती का ते पाहा. केली नसेल तर तिकडच्या दप्तरी पत्नी अजून अविवाहित असेल. शिवाय परदेशी नागरिकाशी लग्न करून बाहेर स्थायिक होणाऱ्या फिलिपिनो व्यक्तीला सी.एफ.ओ. या शासकीय आयोगाचे समुपदेशन घेऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. तुमच्या पत्नी देशाबाहेर पडल्या त्या नोकरीसाठी, त्यामुळे त्यांच्याकडे ते नसण्याची शक्यता आहे, आणि त्याची आठवण परतीच्या दिवशी विमानतळावर होणे बरे नव्हे. तिघांची ई-ट्रॅव्हल, म्हणजे प्रवेशासाठीची ऑनलाइन, नोंदणी पोहोचण्याच्या आधीच्या ७२ तासांत करायची असते. ती विनामूल्य आहे. पैसे मागणारे संकेतस्थळ दिसले की ते बनावट समजावे.

नागपूरचे म्हणून कोणी संत्र्यांची पेटी न्यायला सांगेल. ताजी फळे तिकडच्या वनस्पती विलगीकरणाच्या नियमांत अडकतात आणि परवान्याशिवाय नेता येत नाहीत, तेव्हा संत्रा बर्फीवर भागवा. दिल्लीहून मनिलाला आता एअर इंडियाचे थेट विमान आहे, सिंगापूर किंवा बँकॉकचा वळसा टळतो.

मनीषनगर फाटक

दोहा येथे नऊ वर्षे फिलिपिनो सहकाऱ्यांबरोबर काम केलेले असल्यामुळे थोडे कडू लिहितो, राग मानू नये. माझ्या विभागात एकही जण असा नव्हता की ज्याने घरी जाण्यासाठी कर्ज काढले नाही. सुट्टीवरून परतताना त्यांचे चेहरे सुट्टीवर जाणाऱ्यासारखे नसत. बेचाळीस भेटवस्तू ही कल्पनाच मला वेडेपणाची वाटते. आपल्या नागपुरात तरी काय वेगळे आहे? अमेरिकेहून आलेल्या भाच्याच्या बॅगेकडे आपणही तिरक्या नजरेने पाहतोच, आणि तो गेल्यावर चॉकलेटे कुठल्या दुकानातली होती याची चर्चाही करतो.

२०२४ साली परदेशस्थ फिलिपिनोंनी बँकांमार्फत ३४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी पाठवली. ज्या देशाचे सरकार बाहेर राबणाऱ्यांना नवे वीर म्हणून गौरवते, तिथे वीराने रिकाम्या हाताने परतणे कोणाला रुचेल? इलोइलोच्या ताईंचा अनुभव मोलाचा आहे, पण ‘सांगून टाका’ हा सल्ला मला पटत नाही. एकदा परिस्थिती उघडी केली की दयेचे बोलणे ऐकावे लागते, आणि ते मागण्यापेक्षा जड जाते. मी तुमच्या जागी असतो तर काहीही न सांगता आठच दिवस गेलो असतो, लिपामध्ये एखाद्या हॉटेलात उतरलो असतो, सासूबाईंना आणि भावंडांना भरपूर दिले असते आणि बाकीच्यांना नमस्कार केला असता.

इलोइलोहून सदर

हॉटेलात उतरू नका, एवढे मात्र मी निक्षून सांगते. मुलगी अकरा वर्षांनी घरी आली आणि हॉटेलात झोपली, ही गोष्ट तिची आई आयुष्यभर शेजाऱ्यांना समजावत बसेल. घर लहान असेल तर चटया अंथरल्या जातील, पाचजण एका खोलीत झोपतील, रात्री दोनपर्यंत कोणी झोपणार नाही आणि पहाटे शेजारचे कोंबडे उठवतील. न्हाणीघरात प्लास्टिकचा ताबो असतो, आपल्या तांब्याचाच भाऊ, त्यामुळे आपल्या लोकांची तिकडे अडचण होत नाही.

दयेच्या बोलण्याविषयी भाऊंचे खरे आहे, तसे बोलणारी एखादी मावशी असतेच. पण दोह्यात तुम्ही जे चेहरे पाहिलेत ते न सांगणाऱ्यांचे होते. वर्षानुवर्षे न सांगितल्यामुळेच दर सुट्टीला कर्ज काढावे लागले. प्रतापनगरकरांच्या पत्नीने भावाला शिकवले आहे, घरावर छप्पर घातले आहे. त्या घरात पाऊस आला की छपराखाली बसणाऱ्या प्रत्येकाला ते कोणी घातले हे माहीत असते. आमच्याकडे त्याला उतांग ना लोओब म्हणतात, आतले ऋण. ते बोलून दाखवायचे नसते आणि विसरायचेही नसते. तिला आता नव्याने काही सिद्ध करायचे उरलेले नाही.

प्रतापनगरकर

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दोन आठवडे लागले, कारण मधल्या काळात बरेच घडले.

पत्नीला मी सगळे मराठीतून वाचून दाखवले. बांगड्यांपाशी ती हसली आणि छपरापाशी उठून आत गेली. त्याच रात्री तिने थोरल्या बहिणीला फोन केला. मी बाहेरच्या खोलीत होतो. तागालोग मला जेमतेम समजते, पण नागपूर हा शब्द चार-पाच वेळा ऐकू आला. वीस मिनिटांनी ती बाहेर आली आणि म्हणाली की बहिणीला बहुतेक सगळे आधीच ठाऊक होते. त्यांच्या शेजारचा एक मुलगा सौदीत नागपूरच्याच एका माणसाबरोबर एका खोलीत राहून आला आहे आणि कोणाचा पगार किती ते त्याने केव्हाच सांगितले होते. म्हणजे इतकी वर्षे आम्ही इथे झाकत होतो आणि तिकडे ते आम्ही झाकतो आहोत हे समजून गप्प होते. चिठ्ठ्यांची कल्पनाही बहिणीनेच उचलली. मनीषनगरच्या भाऊंची भीती अगदीच खोटी ठरली असे मात्र नाही, एका मावशीचा सांत्वनाचा निरोप आलेला आहे.

नावांचा मुद्दा पत्नीला इतका पटला की ती दुसऱ्याच दिवशी मला घेऊन इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानात गेली. दोन लाडू मावतील एवढा झाकणाचा स्टीलचा डबा तिने निवडला. एकाचे वजन नव्वद ग्रॅम भरले, म्हणजे बेचाळीस डब्यांचे पावणेचार किलो, आणि ते बॅगेत बसते. दुकानात भांड्यांवर नावे टाकून देणारे काका बसतात. त्यांनी यंत्र हातात घेऊन सवयीने ‘कोणाकडून कोणाला?’ असे विचारले. पत्नीने यादी पुढे केली, तर ते म्हणाले की मला इंग्रजी अक्षरे टाकता येत नाहीत, तुम्ही वाचा, मी मराठीत टाकतो. मग ती एकेक नाव सावकाश उच्चारत गेली आणि ते एकेका डब्यावर टरटर उमटवत गेले. मध्येच थांबून ते विचारीत, ‘ऱ्हस्व की दीर्घ?’ आणि ती माझ्याकडे पाही. दीड तास लागला. तिकडे हे कोणालाच वाचता येणार नाही, असे मी घरी परतताना म्हणालो. ती म्हणाली, मुलगी वाचेल. ती नाव वाचणार आणि ज्याचे त्याला नेऊन देणार, त्यामुळे पहिल्याच संध्याकाळी तिला सगळे ओळखतील.

दफनभूमीत दुसऱ्या दिवशी सकाळी जायचे ठरले आहे आणि मिसेसाठी मेहुण्याने चर्चमध्ये बोलून ठेवले आहे. व्हिसासाठी दिल्लीला कागद पाठवले. विवाहाची नोंद खरोखरच राहून गेली होती, ती आता करीत आहोत. एकच विचारायचे राहिले. संत्रा बर्फी इथूनच डब्यांत भरून न्यावी का?

इलोइलोहून सदर

इथून भरू नका. स्टीलच्या झाकणातून ओल जाते आणि तिकडच्या मुंग्या आपल्या मुंग्यांहून हुशार आहेत. बर्फी दुकानाच्या बंद खोक्यातच न्या आणि पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी भरा. बहिणी मदतीला बसतील आणि निम्मी तिथेच संपेल, त्या हिशेबाने जास्त घ्या. मुलीला सांगा की वडीलधाऱ्यांनी डबा घेतला की त्यांचा हात कपाळाला लावायचा. बातांगासला ‘पो’ऐवजी बऱ्याचदा ‘हो’ म्हणतात, वाक्याच्या शेवटी आदरार्थी, आपण ‘बसा हो’ म्हणतो तसेच, त्यामुळे ते तिला शिकवावे लागणार नाही.

आणि त्या काकांकडे पुन्हा एक चक्कर मारावी लागेल. पाच-सहा डबे नाव न टाकता बरोबर ठेवा. यादीत नसलेले लोक पहिल्याच दिवशी येतात, एखाद्या भावाचे लग्न ठरलेले असते, एखादीला बाळ झालेले असते आणि ते फोनवर सांगायचे राहून गेलेले असते. घरातल्या एखाद्या खिळ्याने पत्नीने स्वतःच त्यावर नाव कोरले तरी चालेल. परतताना ते डबे रिकामे येणार नाहीत हेही धरून चाला. निघणाऱ्याला आमच्याकडे पाबाओन देतात, शिदोरी म्हणा. बातांगासची माणसे बाराको कॉफी देतील आणि सुकी मासळीही देतील. कॉफी घ्या. मासळी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून घ्या, आणि दिल्लीच्या विमानतळावर बॅग उन्हात ठेवू नका.